वाढ आणि भरपाई : इंग्रजीतील आत्मविकासाच्या वाक्प्रचारांची नीती

१

कोणत्याही भाषिक समाजाचा नैतिक विचार त्याच्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जेवढा असतो, तेवढाच त्याच्या वाक्प्रचारांतही असतो. ग्रंथातील विचाराचा प्रतिवाद करता येतो. वाक्प्रचारातील विचार मात्र बहुधा विचार म्हणून ओळखलाच जात नाही आणि म्हणून प्रतिवादाच्या कक्षेत येत नाही. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 'मेटॅफर्स वी लिव्ह बाय' (१९८०) या ग्रंथात दैनंदिन भाषेतील रूपके ही विचाराची चौकटच असतात अशी मांडणी केली, तेव्हापासून भाषाविचारात हा मुद्दा सर्वपरिचित झाला आहे. त्या चौकटीचे नैतिक परिणाम कोणते, हा प्रश्न मात्र त्या प्रमाणात चर्चिला गेलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात इंग्रजीतील एका मर्यादित वाक्प्रचारसमूहाचा विचार करावयाचा आहे. माणसाने आपले वागणे बदलणे, चुकांतून शिकणे, 'घडणे' या क्रियांसाठी इंग्रजीत जे प्रयोग रूढ आहेत त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिल्यात 'टु मेंड वन्स वेज', 'टु मेक अमेंड्स', 'टु टर्न ओव्हर अ न्यू लीफ' असे जुने प्रयोग येतात. दुसऱ्यात 'टु ग्रो अ‍ॅज अ पर्सन', 'टु वर्क ऑन वनसेल्फ', 'टु मूव्ह ऑन', 'टु फाइंड क्लोजर' असे, प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झालेले प्रयोग येतात. पहिल्या गटाचे मूळ रूपक दुरुस्तीचे आहे. दुसऱ्याचे वाढीचे आणि वाटचालीचे. दुरुस्तीकडून वाढीकडे झालेल्या या स्थित्यंतरात नैतिक विधानातून एक व्यक्ती गळून पडली आहे, आणि ती म्हणजे जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याचे काही बिघडले तो स्वतः 'वाढला', एवढ्याने त्या बिघाडाचा निकाल लागतो काय, हा या लेखापुढील प्रश्न आहे. व्यक्तिरेखांच्या 'विकासा'चे मूल्यमापन हा ज्यांच्या व्यवसायाचा भाग आहे त्या समीक्षकांनाही तो टाळता येणार नाही.

२

'मेंड' हे क्रियापद 'अमेंड' या रूपातील आद्य स्वर लोप पावून सिद्ध झाले. त्याच्या मागे दोष काढून टाकणे या अर्थाचे लॅटिन 'एमेन्दारे' आहे. पाठचिकित्सेतील 'इमेंडेशन' ही संज्ञा याच कुळातली. भ्रष्ट पाठ शुद्ध करणे आणि वर्तनातील दोष दूर करणे या दोन्ही क्रिया इंग्रजीत एकाच धातूवर उभ्या आहेत, ही गोष्ट सूचक म्हटली पाहिजे. फ्रेंचमधून आलेल्या 'अमेंड्स' या रूपात दंडाचा व नुकसानभरपाईचा अर्थ आहे. भरपाई म्हटली की ती कोणाला द्यावयाची, हा प्रश्न व्याकरणतःच उपस्थित होतो. 'टु मेक अमेंड्स' या प्रयोगाला संप्रदानाची अपेक्षा असते. त्याच्या पोटात एक धनको दडलेला असतो.

'न्यू लीफ' या प्रयोगातील 'लीफ' झाडाचे नव्हे, पुस्तकाचे आहे. मराठीत 'पान' या शब्दाला दोन्ही अर्थ असल्यामुळे मराठी वाचकाला तेथे नव्या पालवीचा भास होण्याचा संभव आहे. परंतु सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या या प्रयोगात पालवी नसून वही आहे. पान उलटले तरी आधीचे पान त्याच बांधणीत राहते; ते गळत नाही.

या रूपकविश्वाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्राकडे पाहता येते. १७७१ मध्ये त्यांनी ते लिहावयास घेतले. व्यवसायाने मुद्रक असलेल्या या लेखकाने आपल्या आयुष्यातील अपराधांना मुद्रणव्यवसायातलीच 'इराटा', म्हणजे शुद्धिपत्रातील चुका, ही संज्ञा योजली आहे. थोरल्या भावाच्या छापखान्यातील उमेदवारी मुदतीपूर्वी सोडून पळून जाणे ही त्यांतली एक चूक. परक्याचे वसूल करून आणलेले पैसे खर्च करून टाकणे ही दुसरी. या चुकांची नोंद करून फ्रँकलिन थांबत नाहीत. पैसे व्याजासह फेडले, भावाच्या मुलाला त्याच व्यवसायात तयार करून भावाची भरपाई केली, हेही ते नोंदवितात. तेरा सद्गुणांच्या अभ्यासासाठी त्यांनी एक लहानशी वही केली होती आणि दररोजच्या प्रमादांसाठी ते तीत काळे ठिपके मांडीत. नव्या ठिपक्यांना जागा करण्यासाठी जुने ठिपके खरवडून खरवडून त्या वहीला भोके पडली. तेव्हा त्यांनी ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पाने वापरण्यास प्रारंभ केला. सद्गुणांच्या आत्मनिष्ठ हिशेबाला पुसता येणारी पाने चालली. भावाचे व सावकाराचे खाते मात्र पुसून भागले नाही, ते फेडावे लागले. स्वतःच्या सुधारणेची आणि दुसऱ्याच्या देण्याची अशी दोन वेगळी खाती या ग्रंथात आहेत.

अर्थात, हिशेबाच्या या नीतीला मर्यादा आहेत. माक्स वेबर यांनी १९०४-०५ मधील आपल्या सुप्रसिद्ध प्रबंधात भांडवलशाहीच्या मनोवृत्तीचा नमुना म्हणून फ्रँकलिन यांचीच निवड केली, ती उगाच नव्हे. प्रत्येक हानीला किंमत असते आणि ती चुकती केली की व्यवहार मिटतो, असे मानणारी ही दृष्टी आहे; काही हानी अशा असतात की त्यांची किंमत ठरविणे हाच नवा अपराध ठरावा. तथापि या दृष्टीत दुसरा माणूस निदान धनको म्हणून तरी उपस्थित असतो. इंग्रजी धर्मभाषेतील 'अटोनमेंट' हा शब्द तर 'अ‍ॅट वन' या दोन शब्दांच्या जुळणीतून झाला आहे. दुरावलेले दोघे पुन्हा एक होणे हा त्याचा मूळ आशय. एकट्याने 'एक' होण्याला तेथे काही अर्थच उरत नाही.

३

'ग्रो' हे क्रियापद 'ग्रीन' आणि 'ग्रास' यांच्या कुळातले आहे. वाढणे ही वनस्पतीची क्रिया असून ती अकर्मक आहे. झाड वाढते तेव्हा ते कोणाचे काही फेडीत नाही. शेजारच्या रोपावर सावली धरल्याबद्दल कोणी त्याला जाब विचारीत नाही. या क्रियापदाला नैतिक प्रगतीचे वाचक केले की त्याचे अकर्मकत्वही नीतिविचारात शिरते. 'आय हॅव ग्रोन' या वाक्याला कर्म नाही, संप्रदान नाही, अपादानही नाही. एक कर्ता आणि त्याची अवस्था एवढेच तेथे उरते.

हे एकाएकी घडलेले नाही. सॅम्युएल स्माइल्स यांच्या 'सेल्फ-हेल्प' (१८५९) या ग्रंथाने 'स्वावलंबन' ही कल्पना घरोघर पोचविली. पहिल्या वर्षातच त्याच्या वीस हजार प्रती खपल्या. परंतु त्या ग्रंथाचा उगम १८४५ मध्ये लीड्स येथील कामगार तरुणांच्या मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानांत आहे आणि ते मंडळ 'म्यूच्युअल इम्प्रूव्हमेंट'साठी, म्हणजे परस्परांच्या उन्नतीसाठी, जमलेले होते. वाचता-लिहिता येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवावे, असे त्याचे स्वरूप. 'परस्पर' हे विशेषण मागे पडले आणि 'स्व' हा उपसर्ग तेवढा पुढे आला. गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस 'सेल्फ-मेड मेन' या विषयावर १८५९ पासून अनेक वर्षे व्याख्याने देत असत. काटेकोरपणे पाहता अशी माणसे जगात नसतातच, कारण प्रत्येकजण इतरांचा ऋणी असतो, ही कबुली ते प्रथम देऊन टाकीत आणि मगच विषयाला हात घालीत. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे हा अमेरिकन वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकात अशक्यप्राय खुळेपणाचा वाचक होता. विसाव्या शतकात तोच गंभीर उपदेश म्हणून दिला जाऊ लागला. एका थट्टेचे बोधवाक्यात झालेले हे रूपांतर शब्दार्थविकासाचे साधे उदाहरण मानून सोडून देता येणार नाही. ऋणाची जाणीव पुसली गेल्याखेरीज ते घडते ना.

पुढे मानसशास्त्राने या रूपकाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मानवी गरजांच्या उतरंडीच्या शिखरावर आत्मसाक्षात्काराची गरज ठेवली; कार्ल रॉजर्स यांचा 'ऑन बिकमिंग अ पर्सन' १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. या विचारवंतांवर आत्मकेंद्रिततेचा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. रॉजर्स यांच्या उपचारपद्धतीचा तर गाभाच दोन व्यक्तींमधील संबंध हा आहे. परंतु सिद्धान्त जेव्हा वाक्प्रचार होतो तेव्हा त्याच्या अटी गळतात. फिलिप रीफ (१९६६), ख्रिस्तोफर लॅश (१९७९) आणि अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर (१९८१) यांनी आपापल्या परीने उपचारनिष्ठ संस्कृतीची जी चिकित्सा केली तिचा रोख या गळतीवर आहे, असे म्हणता येईल.

'क्लोजर' या शब्दाचा प्रवास साहित्याच्या अभ्यासकांना विशेष उद्‌बोधक वाटावा. गेस्टाल्ट मानसशास्त्रात तो अपुऱ्या आकृतीला पूर्ण म्हणून पाहण्याच्या प्रवृत्तीचा वाचक होता. बार्बरा हर्नस्टाइन स्मिथ यांनी 'पोएटिक क्लोजर' (१९६८) या ग्रंथात कवितेच्या समाप्तीच्या संदर्भात त्याची मीमांसा केली. आज तो शोक, घटस्फोट, खटला, अपघात अशा कोणत्याही प्रसंगी माणसाने मिळवावयाची मनःस्थिती दर्शवितो. आकृतीच्या पूर्णतेची ही कल्पना आयुष्याला लावली की न्याय आणि समाप्ती यांतील भेद पुसट होतो. कविता संपली म्हणजे ती पूर्ण झाली असे म्हणता येते. दुखावलेल्या माणसाशी असलेला संबंध असा संपविता येत नाही. 'लर्निंग एक्स्पीरिअन्स' हा प्रयोग या दिशेने आणखी पुढे जातो. माझ्या हातून ज्याचे नुकसान झाले तो माणूस माझ्या शिक्षणाचे साधन ठरतो. तो पाठ शिकून मी वरच्या वर्गात जातो. तो मात्र क्रमिक पुस्तकाप्रमाणे मागे राहतो.

४

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वाढीची आणि पुढे जाण्याची भाषा पीडितांनाही मुक्त करते. छळाच्या संसारातून बाहेर पडलेल्या स्त्रीला 'मूव्ह ऑन' हे शब्द जो आधार देतात तो प्रायश्चित्ताची आणि क्षमेची जुनी भाषा देऊ शकली नाही. उलट त्या भाषेने पीडितेवर क्षमेचे ओझे लादले. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावयास हवा. परंतु त्याने प्रस्तुत प्रतिपादन खंडित होत नाही. ते अधिक नेमके होते. 'मूव्ह ऑन' या प्रयोगाचे नैतिक मूल्य तो कोणाच्या तोंडी आहे यावर अवलंबून असते. पीडिताने स्वतःविषयी म्हटले तर तो स्वातंत्र्याचा उद्‌गार होय. अपराध्याने स्वतःविषयी म्हटले तर ती पळवाट होय. तिऱ्हाइताने पीडिताला उद्देशून म्हटले तर ती आज्ञा होते, आणि बहुधा गैरसोयीचा आवाज बंद करण्याची आज्ञा. वाक्प्रचाराचे शब्द तिन्ही ठिकाणी तेच असल्यामुळे हे तीन अर्थ एकमेकांची प्रतिष्ठा उसनी घेतात. पीडिताच्या तोंडून या शब्दांना लाभलेले तेज अपराध्याच्या वाक्यावरही पडते. यातच या भाषेचा खरा धोका आहे.

वाढीची आणि भरपाईची भाषा एकत्र नांदू शकत नाही असेही नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संस्थेच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करण्याची आहे आणि नववी शक्य तेथे त्यांना प्रत्यक्ष भरपाई देण्याची. या नवव्या पायरीला एक अपवाद जोडलेला आहे. ज्या भरपाईमुळे त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा पोचेल ती करावयाची नाही. स्वतःचे मन हलके करण्यासाठी दुसऱ्याची जखम उघडी करण्याचा अधिकार अपराध्याला नाही, हे येथे ओळखलेले आहे. स्वतःच्या सुधारणेला दुसऱ्याच्या हिताची मर्यादा घालणारी ही अट म्हणजे नीतिविचारातील एक मोलाची सूक्ष्मता होय. आणि ती एखाद्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात नव्हे, व्यसनमुक्तीच्या व्यवहारात सापडते.

५

इंग्रजी कादंबरीने हा प्रश्न वाक्प्रचारांच्या आधी आणि त्यांच्याहून प्रामाणिकपणे हाताळला आहे. जेन ऑस्टिन यांच्या 'एमा' (१८१५) या कादंबरीत बॉक्स हिलवरील सहलीत एमा ही गरीब, प्रौढ, बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत उपहास करते. नाइटली तिची कानउघाडणी करतो. एमाला पश्चात्ताप होतो. आधुनिक भाषेत येथे नायिकेची 'वाढ' झाली असे म्हणून थांबता आले असते. ऑस्टिन थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच एमा मिस बेट्सच्या घरी जाते. अपराध खोलीबाहेर घडला असला तरी परतफेड त्या खोलीत जाऊनच करावी लागते.

डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१) पिपला ज्या जो गार्जरीची लाज वाटत असते तोच आजारपणात त्याची शुश्रूषा करतो, त्याचे कर्ज फेडतो आणि न सांगता निघून जातो. पिपचे शहाणपण त्याच्या आत्मज्ञानात संपत नाही. जो आणि बिडी यांच्यापुढे उभे राहून त्याला क्षमा मागावी लागते, आणि नंतरची त्याची वर्षे परदेशात कष्ट करून देणे फेडण्यात जातात.

याच्या नेमक्या उलट टोकाला 'जेन एअर' (१८४७) येते. जेनच्या व्यक्तित्वविकासाची ही कथा जमेकाहून आणलेल्या आणि माडीवर कोंडलेल्या बर्थाच्या मृत्यूशिवाय पूर्ण होत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात हा मुद्दा वसाहतवादाच्या संदर्भात मांडला. तत्पूर्वी १९६६ मध्ये जीन ऱ्हिस यांनी 'वाइड सारगॅसो सी' लिहून बर्थाला तिची स्वतःची कहाणी दिली होती. या कादंबरीला 'जेन एअर'च्या कथेची भरपाई म्हणता येईल, आणि ती एका लेखिकेने दुसरीच्या वतीने केलेली आहे.

इयन मॅक्यूअन यांची 'अटोनमेंट' (२००१) ही कादंबरी तर या प्रश्नावरच उभी आहे. तेराव्या वर्षी दिलेल्या खोट्या साक्षीने दोघांचे आयुष्य उद्ध्वस्त करणारी ब्रायनी पुढे लेखिका होते आणि आपल्या कादंबरीत त्या दोघांचे मीलन घडविते. प्रत्यक्षात ते दोघे १९४० मध्येच मरण पावलेले असतात. ब्रायनी वाढली आहे, तिला सर्व काही कळले आहे. परंतु ज्यांच्याशी 'एक' व्हावयाचे ती माणसेच उरलेली नाहीत. कथनाचे 'क्लोजर' न्यायाची जागा घेऊ शकत नाही, हे कादंबरी स्वतःच्याच रचनेतून मान्य करते.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला सपाट आणि गोलाकार व्यक्तिरेखांचा भेद आपण वर्गात आजही शिकवितो. गोलाकार म्हणजे बदलू शकणारी, चकित करणारी. वरील विवेचनाच्या प्रकाशात या भेदाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. मिस बेट्स, जो, बिडी, बर्था या 'सपाट' का राहतात? कारण कथनाची वाढ दुसऱ्या कोणाच्या नावे जमा झालेली आहे. कोण विकसित झाले, याबरोबरच कोणाच्या खर्चाने, हे समीक्षेने विचारले नाही तर ती वाढीच्या वाक्प्रचारांचेच व्याकरण पुढे चालविते.

६

मराठीत आज 'स्वतःवर काम करणे', 'मूव्ह ऑन होणे' असे प्रयोग बोलण्यात आणि लेखनातही आले आहेत. 'व्यक्तिमत्त्व विकास' तर कधीच रुळला. यावर मराठीच्या शुद्धतेचा कैवार घेणे सोपे आहे, परंतु ते दिशाभूल करणारे होईल. मराठीचा स्वतःचा शब्दव्यूह वेगळा आहे खरा. आपण वळण लावतो, मनाला मुरड घालतो, एखादी गोष्ट अंगवळणी पडते, माणूस टक्केटोणपे खाऊन शहाणा होतो. या सर्व प्रयोगांत दुसरा माणूस हजर आहे. पण तो कोणत्या नात्याने हजर आहे? वळण लावणारा वडीलधारा असतो. मुरड घालावयाची ती बहुधा सुनेने. आणि ज्यांनी पायरी ओळखून राहावे अशी अपेक्षा, त्यांच्या जाती ठरलेल्या. मराठी वाक्प्रचारांनी दुसऱ्याला सांभाळले ते उतरंडीत. शिवाय 'माझ्याकडून चूक झाली' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वाक्यात कर्ता तृतीयेच्या आडोशाला उभा राहतो, हेही विसरता येत नाही. तेव्हा 'मला वाढायचे आहे' हे आयात केलेले वाक्य एखाद्या मुलीच्या तोंडी मुक्तीचे ठरू शकते. त्या वाक्याला हसण्याचा अधिकार वळण लावणाऱ्यांना नाही.

दोन्ही शब्दव्यूहांच्या पलीकडे पाहणारी एक वाट दलित आत्मकथनांनी दाखविली आहे. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) शिकलेला, शहरात स्थिरावलेला लेखक आणि दगडू मारुती पवार हे एकमेकांसमोर बसलेले आहेत. येथेही वाढ आहे. परंतु मागे पडलेला 'मी' संपलेला नाही. तो समोर बसून बोलतो, आणि त्याच्या बोलण्यातून महारवाडाही बोलतो. आधीचे पान उलटले गेले आहे, फाडलेले नाही. व्यक्तीच्या उत्कर्षाची कथा आणि समूहाच्या ऋणाची कथा येथे एकाच बांधणीत आहेत.

माणूस वाढतो हे खरे आणि वाढावा हेही इष्ट. परंतु वाढ ही अवस्था आहे, भरपाई ही कृती आहे; आणि अवस्थेने कृतीची उणीव भरून निघत नाही. जेथे भरपाई अशक्य असते तेथे ती अशक्य आहे हे मान्य करून त्या अपुरेपणासह जगणे एवढेच हाती उरते, आणि त्याला 'क्लोजर' म्हणता येत नाही. एखाद्या व्यक्तिरेखेविषयी, एखाद्या आत्मचरित्राविषयी 'येथे विकास दिसतो' असे लिहिताना समीक्षकाने त्या वाक्यापुढे चतुर्थीची एक जागा रिकामी ठेवावी आणि ती कोणाच्या नावाने भरते ते संहितेतच शोधावे. पुष्कळदा ते नाव संहितेत आढळेल. जेथे आढळणार नाही तेथे त्याची अनुपस्थिती हाच विवेचनाचा विषय मानला पाहिजे.